हिचं काळीज बघायला बोरीवलीला

हिच्याबरोबर मी केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कबुतरांचा बंदोबस्त. आमच्या घाटकोपरच्या खोलीला मागे ग्रिलची खिडकी आहे, तिथे कबुतरांनी उच्छाद मांडला होता. शेजारणीने सांगितलं, जुन्या सीड्या टांगा, चकाकल्या की येत नाहीत. हिने माळ्यावरून दशावताराच्या सीड्या काढल्या, सुतळीत ओवल्या आणि पदर खोचून स्टुलावर चढली. मी स्टूल धरून उभा.

"अहो, धरा म्हटलं तर धरा. बाहेर काय बघताय?"

"तू बांध गप. पडलीस तर मलाच उचलावी लागेल."

"उचलाल हो! सिलेंडर हलत नाही तुमच्याने."

माळेत एक सीडी कमी पडत होती. ही खाली उतरली, दवाखान्याची फाईल उघडली आणि आतली सीडी काढली. मी म्हटलं, अगो, ती तुझ्या हृदयाची आहे. त्यावर म्हणते कशी, "मग? झालं ना आता बरं? डॉक्टरने तरी परत कुठे बघितली? कबुतरं बघतील." आम्ही दोघं हसलो. तिने तीही ओवली. मग चहा घेतला.

त्याच आठवड्यात ती गेली. दुपारी भांडी घासता घासता डोक्यातली नस फुटली. हृदयाचा काही संबंध नव्हता, असं डॉक्टरांनी मला तीनदा समजावलं.

आमच्या गल्लीचं मंडळ दरवर्षी अंक काढतं. लोक लिहितात, काश्मीरला गेलो, चारधाम केलं, दुबईची बिल्डिंग बघितली. सेक्रेटरी मला म्हणाला, काका, यंदा तुम्ही पण लिहा. मी सातवी शिकलेला, गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत, पुढे वॉचमन. मी कुठे जाणार? बोरीवलीला गेलो होतो तेवढं लिहितो. चुका सेक्रेटरीने सुधाराव्यात.

का गेलो

आम्हाला मूलबाळ नाही. हिचे फोटो आहेत, भिंतीवर एक आणि पत्र्याच्या पेटीत पाच-सहा. सगळ्यांत ताठ उभी, जशी काय पोलिसाने उभी केली आहे. पण चालती बोलती अशी ती कुठेच नाही. कोणी मोबाईल समोर धरला की ही पाठ फिरवायची. भाच्याच्या लग्नात व्हिडिओवाला पंगतीकडे आला तर ही मोठ्या टोपाच्या मागे बसली. त्या व्हिडिओत टोप आहे, ही नाही.

माणूस गेल्यावर फोटो पुरत नाही हे मला आधी माहीत नव्हतं. फोटो हलत नाही. मला ती हललेली बघायची होती.

एक दिवस खिडकीत बसलो होतो. वारा होता, सीड्या गरगर फिरत होत्या. एकीवर काळ्या पेनाने हिचं नाव लिहिलेलं दिसलं, मनोरमा वसंत परब. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. तिचं हलतं चित्र जगात एकच आहे, आणि ते मी ऊन-पावसात कबुतरांसमोर टांगलंय.

उतरवून बघितली. एका बाजूला चरे, एका बाजूला कबुतरांची शीट. ओल्या फडक्याने पुसली, तिच्याच धुतलेल्या साडीच्या तुकड्यात गुंडाळली. आजूबाजूला विचारलं तर सीडी लावायचं यंत्र कोणाकडेच नाही. मोबाईलच्या दुकानातला म्हणाला, "अंकल, ही दवाखान्याची आहे, तिथेच उघडेल." हिचं हृदयाचं काम बोरीवलीला झालं होतं, कारण हिची धाकटी बहीण शालन तिकडे राहते. म्हणून बोरीवली.

घाटकोपर

मेट्रोच्या फाटकावर पिशवी यंत्रात टाकावी लागते. माझ्या पिशवीत कपड्यांचा जोड आणि शालनसाठी सुके बांगडे. सीडी मी हातातच धरली.

"काका, ये भी डालो," सिक्युरिटीवाला म्हणाला.

"पिशवी टाकतो. ही नाही टाकणार. तुमच्या यंत्राच्या उजेडाने पुसली गेली तर?"

"कुछ नहीं होता. पिक्चर है क्या?"

"माझी बायको आहे यात."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मागे रांग खोळंबलेली. एक जण ओरडला, "ओ आजोबा, आजींना घ्या आणि पुढे व्हा ना यार!" सगळे हसले. मलाही हसू आलं. हिला घरी येऊन सांगण्यासारखी गोष्ट होती.

सिक्युरिटीवाल्याने मात्र सीडी दोन्ही हातांत धरली, यंत्राला वळसा घालून पलीकडे नेली आणि मला परत दिली. इकडे पिशवी आत गेली. पडद्यासमोर बसलेल्या बाईने विचारलं हे काय. मी म्हटलं बांगडे. पडद्यावर त्यांचा काटा न् काटा दिसत होता. हिच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच आठवलं, आम्ही न फाडता आतलं बघतो.

डब्यात माझ्या शेजारची बाई नाकाला रुमाल लावून दोन जागा पलीकडे गेली. जाऊ दे. बांगडा आहे, अत्तर नाही.

अंधेरी

अंधेरीला हायवेच्या स्टेशनवर उतरून पुलावरून गुंदवलीला जायचं आणि दुसरी मेट्रो धरायची. मी लोकांच्या मागून चालत राहिलो आणि भलत्याच जिन्याने खाली हायवेवर उतरलो. वर बघितलं तर स्टेशन आभाळात.

आता उतरलोच आहे तर खाऊ म्हटलं. पुलाखाली सायकलवर इडलीवाला होता. इडली मऊ, पण चटणीत नुसते शेंगदाणे, खोबरं नावाला. ही असती तर तिथेच त्याला धरून शिकवलं असतं. आम्ही कुठेही गेलो की ही खाताना समोरच्याचं चुकलेलं सांगायची आणि मी लाजून दुसरीकडे बघायचो. मी त्याला म्हटलं, "अण्णा, खोबरं कमी आहे रे." तो म्हणाला, "नारियल महंगा हो गया." एवढंच. ही असती तर बोलणं एवढ्यावर थांबलं नसतं.

दुसऱ्या मेट्रोत पुढे कोणी चालवणारा दिसेना. असतो म्हणे, मला दिसला नाही. उजव्या हाताला पार्काचे हिरवे डोंगर लागले. ऑपरेशनच्या वेळी आम्ही रिक्षाने गेलो होतो आणि ही डोळे मिटून बसली होती, डोंगर बघितलेच नाहीत.

बोरीवली, पहिला दिवस

दवाखान्यात मी सरळ वरच्या मजल्यावर गेलो. तिथे कांबळे म्हणून टेक्निशियन बाई आहेत, तिशीच्या असतील. हिच्या कामाच्या वेळी टेबलाशी त्याच उभ्या होत्या. मला वाटलं ओळखणार नाहीत.

"परबकाका ना? काकू कशा आहेत?"

"गेली," मी म्हटलं. माझं बोलणं असंच आहे, गोल गोल येत नाही.

त्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या. नस फुटल्याचं सांगितलं. मग साडीचा तुकडा सोडून सीडी पुढे केली आणि काय हवं ते सांगितलं. त्यांनी ती उजेडात धरून तिरकी केली.

"काका, हे काय झालं हिला?"

"कबुतरांसाठी टांगली होती."

त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, "आमच्या मशीनवर जुनं थोडेच दिवस राहतं, मग दुसरीकडे जातं. तिथून मागवायला महिना-दोन महिने. ही चालली तर लगेच दिसेल. पण बाहेरची सीडी लावायला सरांना विचारावं लागतं, आणि आज दिवसभर केसेस आहेत. उद्या दुपारी या. चालेलच असं मात्र सांगत नाही हां."

दार उघडलं तेव्हा आतलं यंत्र दिसलं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मनगटातून एक नळी घालतात, ती डॉक्टर आपल्या हाताने घालतो. त्या नळीतून केसासारखी तार हृदयापर्यंत न्यायची, ती तार मात्र यंत्राच्या हातात देतात. टेबलाला बाजूने जोडलेला लोखंडी हात, त्याच्या टोकाला डबी, डबीत बारीक चाकं. डॉक्टर पलीकडे काचेच्या खोलीत पडद्यासमोर बसतो. पडद्यावर एक्स-रेचं चालतं चित्र असतं, ते बघून तो छोट्या दांड्या हलवतो. दांडी केसभर तर तार केसभर. दांडी सोडली की तार जागच्या जागी थांबते. माणसाचा हात कापतो, हा कापत नाही. आणि पेशंट जागा असतो.

कांबळेबाई म्हणाल्या, "काकू माझ्या लक्षात राहिल्या. बाकीचे त्या हाताकडे बघून घाबरतात. काकू त्याला म्हणाल्या, सावकाश जा रे बाबा, मला कुठे घाई नाही. मग मला विचारलं, तो काचेतला जेवलाय का?"

हे तिने मला घरी सांगितलं नव्हतं. अजून किती सांगायचं राहिलं असेल कोण जाणे.

शालनच्या घरी

शालनचं घर पार्काच्या बाजूला, सोसायटीत. तिचा नवरा मुलाकडे पुण्याला गेला होता. तिकडच्या तऱ्हा वेगळ्या. आमच्या चाळीत कोण आला कोण गेला सगळ्यांना ठाऊक. तिथे लिफ्टमध्ये चौघं जण आपापल्या चपलांकडे बघत उभे राहतात. कबुतरं फारशी नाहीत, माकडं येतात. शालनने सांगितलं, माकडाने एकदा तव्यावरची भाकरी नेली. माकडांना सीडी दाखवून उपयोग नाही.

बांगडे बघून तिचा चेहरा उजळला, पण सीडीचं सांगितलं तशी ते ओट्यावर ठेवून माझ्याकडे वळली. तिच्या मनात पहिल्यापासून यंत्राबद्दल अढी आहे. बाराव्याला सगळ्यांसमोर बोलली होती.

"भावोजी, स्पष्ट बोलते. माणसाच्या हातात द्यायचं सोडून ताईला यंत्राच्या हातात दिली. त्यानंतर वर्ष तरी काढलं का तिने?"

"शालन, डोक्यातली नस फुटली. हृदय चांगलं होतं."

"ते डॉक्टर सांगतात. तुम्ही बघितलंत?"

"तेच तर बघायला आलोय."

खरं म्हणजे मी त्यासाठी आलो नव्हतो. मला नुसती ती हललेली बघायची होती. पण शालनला ते कसं सांगणार? ती ताटं घेऊन आली. बांगडा भाजलेला, कुळथाची पिठी, भात. पिठीची चव अगदी हिच्या हातची. एका आईने दोघींना शिकवलेली, वेगळी कशी लागणार? मी दोनदा भात घेतला. ताटं उचलताना शालन म्हणाली, "उद्या मी पण येते."

बोरीवली, दुसरा दिवस

दुपारी आम्हाला काचेच्या खोलीत नेलं. चपला बाहेर काढल्या, देवळाबाहेर काढतात तशा. काचेपलीकडे टेबल रिकामं, लोखंडी हात दुमडून प्लास्टिकने झाकलेला. शालनने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली.

कांबळेबाईंनी सीडी स्पिरिटच्या कापसाने मधून कडेकडे पुसली आणि कॉम्प्युटरमध्ये घातली. आतून घर्र घर्र आवाज आला आणि सीडी बाहेर. परत घातली. परत बाहेर. शालनने मला खुर्ची सरकवली.

"काका, अजून एकदा," त्या म्हणाल्या. या वेळी आवाज थांबला आणि पडद्यावर चौकोनांची रांग आली. पहिला चौकोन दाबला, काही नाही. दुसरा, नाही. एकेक करत त्या खाली जात होत्या आणि मी प्रत्येक वेळी 'हा उघडू दे' म्हणत होतो. देवाला नाही, त्या यंत्रालाच म्हणत होतो.

शेवटचा उघडला.

आधी नुसतं राखाडी. बरगड्यांच्या सावल्या, आणि मधे एक बारीक काळी रेघ, ती तार. मग नळीतून सोडलेल्या औषधाचा काळा रंग एकदम आत शिरला आणि झाड दिसलं. वठलेल्या झाडासारख्या फांद्या, फांद्यांना फांद्या, आणि सगळं झाड हलतंय. आवळतंय, सुटतंय. मग रंग धुऊन गेला आणि परत राखाडी. खोकला यावा आणि थांबावा एवढाच वेळ. तेच चित्र परत पहिल्यापासून सुरू झालं.

"यात ताई कुठे आहे?" शालन म्हणाली. "हिला तोंड कुठे आहे?"

मलाही तोच प्रश्न होता. इतक्या लांब आलो आणि हे झाड कोणाचंही असू शकेल.

कांबळेबाईंनी बोटाने दाखवलं. "हे काम संपतानाचं आहे. इथे अडलं होतं, इथे स्टेंटची जाळी बसली. आता रंग बघा, पार टोकापर्यंत जातोय. तार अजून आत आहे, ती काढायचीय." चित्र फिरून आलं. त्यात मधेच झाडाने एक हिसका दिला, ठोका चुकल्यासारखा.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"तारेचं टोक भिंतीला लागलं, काका. तेवढ्याने हृदय दचकतं. बघा, सरांनी तिथेच दांडी सोडली. तार जरा पण हलत नाहीये. हृदय सावरलं की मग पुढे."

"परत लावा."

परत तेच. शांत हलणारं झाड, मधेच दचकणं, मग एक मोठं उशिराचं आवळणं, जसं काय कोणी धरलेला श्वास सोडला, आणि मग पुन्हा आपली चाल.

ती हीच होती. ही अशीच दचकायची. मी मोरीतून येऊन ओला हात हिच्या पाठीला लावला की अस्संच, सगळं अंग एकदम, मग थोडं थांबायची, मग श्वास सोडून "मेल्या!" म्हणायची आणि पुन्हा भाकरी थापायला लागायची. आयुष्यभर दचकली, कधी सवय झाली नाही तिला. पडद्यावर मी 'मेल्या'ची वाट बघत होतो. आवाज नव्हता त्याला.

"ही आहे," मी शालनला म्हटलं. "दचकली बघ."

शालन पुढे वाकली. तिने पदर तोंडाशी धरला. चित्र फिरून आलं, झाड दचकलं, आणि शालन रडता रडता हसली. "हो गं बाई. लहानपणी मांजर आडवं गेलं तरी अशीच करायची." मग बराच वेळ बघून कांबळेबाईंना विचारलं, "आणि ते थांबलंय ते यंत्र का?"

"हो मावशी."

"ताई सावरेपर्यंत थांबलं?"

"हो."

शालन काचेपलीकडच्या त्या झाकलेल्या हाताकडे बघत राहिली. "मग चाललं होतं की तिचं सगळं," ती म्हणाली.

किती वेळा बघितलं ते सांगता येणार नाही. मग चित्र मधेच अडकलं, अर्धं झाड पडद्यावर तसंच राहिलं, आणि कॉम्प्युटर बंद करावा लागला. चालू करून सीडी परत घातली. घर्र, बाहेर. घर्र, बाहेर. कांबळेबाईंनी स्पिरिटने पुसून बघितलं, फुंकून बघितलं. पुढच्या पेशंटची वेळ झाली, तरी त्या पुन्हा पुन्हा घालतच होत्या.

"राहू दे बाई," मी म्हटलं. "दिसली."

"मागवता येईल, काका. मी विचारते."

"विचारा. झालं तर झालं."

खाली आल्यावर शालनने मला शहाळं पाजलं. मी मलई खाल्ली नाही, ती तिने खाल्ली. चालताना म्हणाली, "भावोजी, आजची रात्र राहा. घरी जाऊन तरी काय करणार आहात?" खरंच होतं. राहिलो.

निघायच्या दिवशी सकाळी

शालन घावणे घालत होती. मी ओट्याजवळ स्टीलच्या डब्याला टेकून उभा होतो. तिचा मोबाईल खिडकीत होता.

"शालन, यात हलतं चित्र कसं काढतात?"

"आता हे काय नवीन? ते कॅमेऱ्याचं दाबा. मग लाल गोल."

मी दाबलं. ती त्यात आली. पीठ ढवळलं, तव्यावर फिरवलं, झाकण ठेवलं.

"माझं काय काढताय? अंगावर गाऊन आहे, केस विस्कटलेत. बंद करा."

"तू बोल काहीतरी."

"काय बोलू? तुम्हाला काय कळतं त्यातलं, उलटा धरलाय बहुतेक. घावणा करपेल माझा तुमच्या नादात." तिने झाकण काढलं, घावणा उलटला, माझ्याकडे उलथनं रोखलं. "एक तर यायचं नाही वर्षवर्ष. आणि आलात की असले उद्योग."

मग चटणीला खोबरं कमी आहे म्हणून ती आतल्या खोलीत नारळ आणायला गेली. चित्रात नुसता तवा राहिला, आणि वाफ. बंद करावं का, असं मनात आलं. नाही केलं. हात दुखायला लागला तसा दुसऱ्या हाताने आधार दिला आणि तव्याचंच चित्र काढत उभा राहिलो, ती नारळ घेऊन परत येईपर्यंत.